हॅकिंटॉश अडला तर: पेनड्राइव्हपासून रेंडरपर्यंत काय, कोणत्या क्रमाने तपासायचं

जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांत लग्नाचं शूटिंग करणारे आणि अहिराणी गाण्यांचे व्हिडिओ काढणारे भरपूर स्टुडिओ आहेत. त्यातल्या बऱ्याच जणांना फायनल कट (ॲपलचं एडिटिंगचं सॉफ्टवेअर) हवा असतो, पण खरा मॅक बजेटमध्ये बसत नाही. म्हणून जुळवलेल्या पीसीवर मॅकओएस चढवली जाते. असं मशीन म्हणजे हॅकिंटॉश. ती अडली की फोन येतो, "भाऊ, सफरचंद दिखस, पन म्होरे काहीच व्हत नही." मी विचारतो, अडण्याआधी काय काय बदललं? मग कळतं की बायोसमध्ये तीन सेटिंग फिरवली, दुसऱ्याचं ईएफआय फोल्डर (मॅकओएस चालू करून देणाऱ्या फाइलींचं) टाकून पाहिलं, दोन केक्स्ट (मॅकओएसचे ड्रायव्हर) काढले आणि एक नवा घातला. हे सगळं एकाच संध्याकाळी झालेलं असतं. अशा मशीनमध्ये मूळ बिघाड कुठला आणि नंतर आपण घातलेला कुठला, हे कोणालाच सांगता येत नाही.

म्हणून या लेखात क्रम महत्त्वाचा आहे. गाडी कोणत्या टप्प्यावर थांबली ते आधी वाचायचं, त्या टप्प्यातली एकच गोष्ट बदलायची, पुन्हा चालू करून बघायचं आणि वहीत लिहायचं. पूर्ण लेख इंटेल प्रोसेसर आणि ओपनकोअर (साध्या पीसीवर मॅकओएस चालू करून देणारा बूटलोडर) धरून लिहिला आहे. आज्ञा देवनागरीत दिल्या आहेत, टाइप करताना अर्थातच इंग्रजी अक्षरं वापरा.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. ॲपलचा परवाना मॅकओएसला फक्त ॲपलच्या स्वतःच्या संगणकावर परवानगी देतो. शिकायला किंवा स्वतःच्या टेबलावर हे करणं ही तुमची जबाबदारी आहे. असं मशीन "मॅक" म्हणून गिऱ्हाइकाला विकू नका.

## टप्पा १: हात लावण्याआधीची तयारी

हार्डवेअरची यादी करा, खोक्यावर विसंबू नका. विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये प्रत्येक भागाच्या 'डिटेल्स'मध्ये जाऊन 'हार्डवेअर आयडी' बघा आणि वहीत उतरवा. प्रोसेसरची पिढी, बोर्डाचा चिपसेट, ग्राफिक कार्ड, आवाजाचा कोडेक, लॅनची चिप आणि एसएसडीचं मॉडेल या सहा गोष्टी हव्यातच.

ग्राफिक कार्डाची नोंद विशेष जपून करा. माझ्याकडे एकदा आरएक्स ५८० म्हणून घेतलेलं जुनं कार्ड आलं. खोकं बरोबर, स्टिकर बरोबर, पण मॅकओएसमध्ये पडदा गचके खात होता. आयडी पाहिला तर शेवटचे चार आकडे ६एफडीएफ. खऱ्या आरएक्स ५८०चे ते ६७डीएफ असतात. म्हणजे ते २०४८एसपी प्रकारचं कार्ड होतं, आणि त्याला डिव्हाइस आयडी बदलून सांगावा लागतो. आयडी पाहायला दोन मिनिटं लागली असती. त्याऐवजी त्या मुलाचे चार दिवस गेले होते.

हे हार्डवेअर चालेल का, ते इथेच ठरवा. पुढची कितीही मेहनत खालच्या मर्यादा ओलांडत नाही:

- एनव्हिडियाची जीटीएक्स ९०० आणि १००० मालिका हाय सिएरापर्यंतच, म्हणजे १०.१३पर्यंतच चालते. आरटीएक्स कार्डांना कोणत्याच मॅकओएसमध्ये ड्रायव्हर नाही.
- एएमडीत आरएक्स ५८०, ५७००, ६६०० आणि ६८०० चालतात. ६७०० एक्सटीला ॲपलचा ड्रायव्हर नाही आणि ७००० मालिकेलाही नाही.
- इंटेलच्या ११व्या पिढीपासून पुढच्या डेस्कटॉप प्रोसेसरमधले अंगचे ग्राफिक्स चालत नाहीत. तिथे चालणारं वेगळं कार्ड लागतंच.
- एसएसडीत सॅमसंग पीएम९८१ टाळा. इन्स्टॉल होता होता किंवा नंतर अचानक कर्नल पॅनिक (सिस्टिम कोलमडून थांबणं) देण्याबद्दल ती कुप्रसिद्ध आहे.

दोन पेनड्राइव्ह ठेवा. एक इन्स्टॉलरचा, ३२ जीबीचा. दुसरा कितीही लहान चालेल. त्यावर फक्त चालू अवस्थेतलं ईएफआय फोल्डर ठेवायचं. तो बचावाचा पेनड्राइव्ह. त्यावर प्रयोग करायचे नाहीत.

वीज सांभाळा. इन्स्टॉल चालू असताना दिवे गेले तर डिस्क अर्धवट लिहिलेल्या अवस्थेत राहते. आपल्याकडे, विशेषतः तालुक्याच्या गावात, यूपीएसशिवाय सुरुवात करू नका. ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॉटचा भार पेलतो. इन्स्टॉलपुरता तो पुरतो, पण मॉनिटर आणि स्पीकर त्याच्यावर लादू नका.

इंटरनेट लॅन केबलने हवं. रिकव्हरीतून इन्स्टॉल करताना १२ जीबीहून जास्त डेटा उतरतो आणि त्या वेळी वाय-फाय बहुधा चालत नसतं. अँड्रॉइड फोन यूएसबीने जोडून टेदरिंग केलं तरी मॅकओएस ते आपणहून ओळखत नाही. गावात ब्रॉडबँड नसेल तर लॅन पोर्ट असलेला सिमचा राउटर आणा, नाहीतर मित्राच्या मॅकवर पूर्ण इन्स्टॉलर करून घ्या.

> सावध: लग्नांचा डेटा असलेल्या हार्डडिस्कची केबल आधी काढा. डिस्क युटिलिटीत चुकीच्या डिस्कवर 'इरेज' दाबलं गेलं तर कोणाच्या तरी हळदीचं आणि सप्तपदीचं एकुलतं एक फुटेज जातं. ते परत करता येत नाही.

## टप्पा २: बायोस

आधी बायोस अद्ययावत करा, नंतर सेटिंग लावा. उलटं केलं तर अपडेटमध्ये सगळी सेटिंग पुसली जातात आणि आपण लावली होती या समजुतीत तुम्ही पुढे जाता.

बंद ठेवायचं: फास्ट बूट, सिक्युअर बूट, सीएसएम, सीरियल पोर्ट, इंटेल एसजीएक्स आणि सीएफजी लॉक. बायोसमध्ये सीएफजी लॉकचा पर्याय दिसत नसेल तर कॉन्फिगमध्ये (ओपनकोअरच्या सेटिंगच्या फाइलीत) 'ॲपल एक्ससीपीएम सीएफजी लॉक' चालू करावं लागतं. व्हीटी-डी बंद करा, किंवा चालूच ठेवायचं असेल तर 'डिसेबल आयओ मॅपर' चालू करा.

चालू ठेवायचं: एबव्ह फोर जी डीकोडिंग, हायपर-थ्रेडिंग आणि एक्सएचसीआय हँड-ऑफ. साटा एएचसीआयवर ठेवा. अंगचे ग्राफिक्स वापरणार असाल तर डीव्हीएमटी ६४ एमबी.

> तपासा: सगळं सेव्ह करून मशीन बंद करा. मागचा प्लग काढून दहा मिनिटं थांबा. परत चालू करून बायोसमध्ये जा. सेटिंग तशीच आहेत का?

ही तपासणी मी मुद्दाम घातली आहे. "काल चालत होतं, आज नाही" या तक्रारीमागे आपल्या भागात फार वेळा बोर्डावरचा नाण्याएवढा सेल असतो. सीआर२०३२ सेल ३ व्होल्टचा असतो. तो संपला की वीज गेल्यावर बायोस मूळ सेटिंगवर जातो, सीएसएम पुन्हा चालू होतं आणि मॅकओएस अडते. तारीखही मागे जाते. मल्टिमीटरने मोजा. २.८ व्होल्टच्या खाली असेल तर बदला.

याच्यासारखाच दिसणारा दुसरा आजार आहे. मॅकओएस रीस्टार्ट केली की बायोस 'सेफ मोड'मध्ये आल्याचा संदेश देतो. वीज गेलेली नसते, सेलही चांगला असतो. इथे मॅकओएसने घड्याळाच्या मेमरीत लिहिलेलं बोर्डाला पटलेलं नसतं. उपाय कॉन्फिगमधलं 'डिसेबल आरटीसी चेकसम'. दोन्हींतला फरक लक्षात ठेवा: प्लग काढल्यावर होतं तर सेल, रीस्टार्टनंतर होतं तर चेकसम.

## टप्पा ३: ईएफआय फोल्डर

सगळ्यात जास्त चुका इथे होतात. कोणाचं तरी तयार ईएफआय फोल्डर उतरवून घेतलं जातं, कारण "बोर्ड सारखाच आहे". बोर्ड सारखा असला तरी कार्ड, बायोसची आवृत्ती आणि लॅनची चिप वेगळी असते. वरून त्या फोल्डरमध्ये आधीच्या माणसाचा सीरियल नंबरही असतो. स्वतःचं फोल्डर मुळापासून बांधायला एक दुपार लागते, पण त्यातली प्रत्येक फाइल का आहे हे तुम्हाला माहीत असतं. पुढे मशीन अडलं की हीच माहिती कामी येते.

बांधलेलं फोल्डर या क्रमाने तपासा:

१. सगळ्या फाइली ओपनकोअरच्या एकाच आवृत्तीच्या आहेत का? ओपनकोअर नवं आणि ओपनरनटाइम जुनं असेल तर मशीन सुरुवातीलाच थांबतं.

२. ड्रायव्हर्समध्ये ओपनरनटाइम आणि एचएफएस प्लस आहेत का? एचएफएस प्लस नसेल तर बूट मेनूत इन्स्टॉलर दिसतच नाही.

३. केक्स्टमध्ये लिलू, व्हर्च्युअल एसएमसी आणि व्हॉटएव्हरग्रीन आहेत का? आवाजासाठी ॲपलएएलसी आणि तुमच्या लॅन चिपचा केक्स्टही हवा. कॉन्फिगमधल्या यादीत लिलू बाकीच्यांच्या वर असला पाहिजे, कारण बाकीचे त्याच्यावर उभे असतात.

४. फोल्डरमध्ये टाकलेली प्रत्येक फाइल कॉन्फिगमध्येही नोंदलेली आहे का? नुसती फाइल टाकून चालत नाही. प्रॉपरट्री या कॉन्फिग एडिटरमधलं 'ओसी क्लीन स्नॅपशॉट' हे काम करून देतं.

५. एसएसडीटी फाइली (बोर्डाची मॅकओएसला ओळख करून देणाऱ्या) तुमच्या चिपसेटच्या आहेत का? ८व्या आणि ९व्या पिढीला प्लग, ईसी-यूएसबीएक्स आणि एडब्ल्यूएसी लागतात. बी३६०, एच३१० आणि झेड३९० बोर्डांना त्याशिवाय पीएमसी लागते. ती नसेल तर एनव्हीरॅम (बोर्डावरची, बूटची सेटिंग लक्षात ठेवणारी मेमरी) टिकत नाही.

६. ओसीव्हॅलिडेट हे कॉन्फिग तपासणारं साधन चालवा. ओपनकोअरच्या डाउनलोडमध्ये ते असतंच. ते शून्य चुका म्हणेपर्यंत पेनड्राइव्ह मशीनला लावू नका.

> सावध: कॉन्फिग कधीही नोटपॅडमध्ये बदलू नका. एक कंस किंवा अवतरणचिन्ह सुटलं की अख्खी फाइल वाचली जात नाही.

कॉन्फिग बदललं की दर वेळी एनव्हीरॅम रीसेट करा. त्यासाठी रीसेट-एनव्हीरॅम-एंट्री ही ड्रायव्हर फाइल हवी. बूट मेनूत स्पेस दाबली की तो पर्याय दिसतो. हे केलं नाही तर जुने बूट-आर्ग्स (चालू होताना मॅकओएसला दिलेल्या सूचना) तसेच राहतात, आणि बदल केला तरी फरक पडला नाही असं वाटतं.

## टप्पा ४: पडदा वाचणे

सफरचंदाकडे बघून काहीच कळत नाही. ते बाजूला करून मागचा मजकूर बघावा लागतो. बूट-आर्ग्समध्ये तीन गोष्टी लिहा: 'डॅश व्ही', 'कीपसिम्स=१' आणि 'डीबग=०एक्स१००'. पहिलीने मजकूर दिसतो, दुसरीने पॅनिकमधली नावं वाचता येतात, तिसरीने पॅनिक आल्यावर मशीन आपोआप रीस्टार्ट न होता थांबतं.

मग मोबाइल स्टँडवर लावून पडद्याचं स्लो-मोशन शूटिंग करा. कॅमेरा हाताशी असलेल्या लोकांना हे सांगायला नको, तरी बहुतेक जण शेवटच्या ओळीचा तिरका फोटो पाठवतात. शेवटची ओळ फक्त गाडी कुठवर पोचली ते सांगते. कारण बहुधा तिच्या वरच्या दहा-पंधरा ओळींत असतं.

आता गाडी कुठे थांबली त्यावरून पुढे जा.

बूट मेनूच येत नाही. बायोसमध्ये सीएसएम पुन्हा चालू झालंय का ते बघा. नंतर पेनड्राइव्ह फॅट३२ आहे का आणि ईएफआय फोल्डर त्याच्या मुळात आहे का ते बघा. फोल्डरात फोल्डर होणं ही नेहमीची चूक आहे: ईएफआय, त्याच्या आत पुन्हा ईएफआय.

मेनू येतो, पण इन्स्टॉलर किंवा डिस्क दिसत नाही. एचएफएस प्लस तपासा, मग 'स्कॅन पॉलिसी' शून्य करा.

'ईबी लॉग एक्झिटबीएस स्टार्ट' या ओळीवर थांबतं. इथे मेमरीच्या नकाशाचा घोळ असतो. हाताळायच्या जागा कॉन्फिगच्या 'बूटर' विभागात आहेत: 'डीव्हर्च्युअलाइज एमएमआयओ', 'सेटअप व्हर्च्युअल मॅप', 'रीबिल्ड ॲपल मेमरी मॅप', 'एनेबल राइट अनप्रोटेक्टर'. शेवटची दोन एकमेकांची जागा घेतात. नव्या बोर्डांवर रीबिल्ड चालू आणि राइट अनप्रोटेक्टर बंद, जुन्यांवर उलट. झेड३९०ला 'प्रोटेक्ट यूईएफआय सर्व्हिसेस' लागतं. हे पर्याय एकेक करूनच फिरवा. चार एकदम फिरवले तर सोळा शक्यता होतात. एएमडी प्रोसेसरवाल्यांनी इथे आधी कर्नल पॅचमधली कोअरची संख्या तपासावी.

'पीसीआय कॉन्फिगरेशन बिगिन'वर थांबतं. एबव्ह फोर जी चालू करा. बायोसमध्ये तो पर्याय नसेलच तर बूट-आर्ग्समध्ये 'एनपीसीआय=०एक्स२०००' लिहा. दोन्ही एकदम नको.

'ही आवृत्ती या मशीनवर चालत नाही' असा संदेश. कॉन्फिगमध्ये दिलेलं एसएमबायोस, म्हणजे मशीन कोणत्या मॉडेलचा मॅक असल्याचं सांगतं ते, जुन्या मॅकचं आहे.

'वेटिंग फॉर रूट डिव्हाइस' किंवा गोलात आडवी रेघ. इन्स्टॉलर असलेला पेनड्राइव्हच अर्ध्या वाटेत हरवला आहे. आधी फुकटचे उपाय करा: पेनड्राइव्ह पुढच्या पॅनेलवरून काढून मागच्या पोर्टला लावा, हब काढा, पोर्ट बदला. त्याने भागलं नाही तर यूएसबी मॅप करायला लागतो, तो टप्पा ६ मध्ये आहे.

मजकूर शेवटपर्यंत पळतो, 'जीआयओस्क्रीनलॉकस्टेट' दिसतं आणि पडदा काळा होतो. मशीन बहुधा चालू झालेलं असतं, चित्र तेवढं बाहेर येत नाही. इथे कॉन्फिग उघडण्याआधी मशीनच्या मागे जा. वेगळं कार्ड असताना मॉनिटरची केबल बोर्डाला लावलेली मी इतक्या वेळा पाहिली आहे की फोनवर पहिला प्रश्न तोच विचारतो. दुसरा प्रश्न मॉनिटरचा. जुना व्हीजीए मॉनिटर असेल तर तो बाजूला ठेवा. इंटेलच्या ६व्या पिढीपासून अंगच्या ग्राफिक्सचं व्हीजीए मॅकओएसमध्ये चालत नाही, आणि स्वस्त कन्व्हर्टरचा भरवसा नाही. शेजारच्या घरून एचडीएमआयचा टीव्ही आणा, पण तपासणी खऱ्या डिजिटल पडद्यावरच करा.

केबल आणि पडदा बरोबर असतील तर आरएक्स ५००० आणि ६००० मालिकेला 'एजीडीपीमॉड=पिकेरा' द्या. इंटेलचे अंगचे ग्राफिक्स यूएचडी ६३० वापरत असाल तर प्लॅटफॉर्म आयडी बघा: मॉनिटर त्यालाच जोडला असेल तर ०७००९बी३ई, वेगळ्या कार्डाच्या मदतीला ठेवला असेल तर ०३००९१३ई. अदलाबदल झाली की पडदा काळाच राहतो. जुनं, खाणकामात वापरलेलं कार्ड असेल तर त्याचा बायोस बदललेला असू शकतो. मूळ बायोस घातल्याशिवाय ते सरळ वागत नाही.

## टप्पा ५: इन्स्टॉल

डिस्क युटिलिटीत 'शो ऑल डिव्हायसेस' करा. सगळ्यात वरची, कंपनीचं नाव असलेली डिस्क निवडा. एपीएफएस आणि जीयूआयडी पार्टिशन मॅप असं निवडून इरेज करा. खालचा विभाग निवडला तर मॅपचा पर्याय दिसत नाही आणि पुढे इन्स्टॉल नाकारलं जातं.

रिकव्हरी 'सर्व्हरशी संपर्क होत नाही' म्हणाली तर घड्याळ बघा. तारीख चुकीची असेल तर ॲपलचा सर्व्हर ओळख पटवत नाही. टर्मिनलमध्ये 'डेट' लिहून तपासा. पुन्हा तोच सेल, टप्पा २.

आता ज्या चुकीमुळे रात्री उशिरा फोन येतात ती. इन्स्टॉल एका दमात होत नाही. मशीन तीन-चार वेळा स्वतः रीस्टार्ट होतं. प्रत्येक वेळी बूट मेनू येतो आणि लोक सवयीने पुन्हा पेनड्राइव्हचाच इन्स्टॉलर निवडतात. मग पहिल्यापासून सुरू होतं आणि "इन्स्टॉल फिरून फिरून तिथेच येतंय" अशी तक्रार होते. पहिल्या रीस्टार्टनंतर मेनूत 'मॅकओएस इन्स्टॉलर' नावाची नवी नोंद येते. तीच निवडायची. ती नाहीशी होऊन तुमच्या डिस्कचं नाव दिसलं की मग डिस्क निवडायची.

> तपासा: 'बारा मिनिटं बाकी'वर काटा थांबला तर लगेच बंद करू नका. एसएसडीचा दिवा लुकलुकतोय का ते बघा. अर्धा तास दिवा पूर्ण शांत असेल, तरच अडलं म्हणा.

## टप्पा ६: डेस्कटॉप आल्यावर

पहिलं काम ईएफआय पेनड्राइव्हवरून आतल्या डिस्कच्या ईएफआय विभागात नेणं. त्याशिवाय पेनड्राइव्ह काढला की मशीन चालू होत नाही. नेल्यावर पेनड्राइव्ह काढून एकदा बूट करून बघा.

यूएसबी मॅप. हा भाग लोक सोडून देतात आणि पुढे सहा महिने त्याची फळं भोगतात: मशीन झोपलं की लगेच जागं होतं, कार्ड रीडर मध्येच तुटतो, ब्लूटूथ कधी असतं कधी नसतं. कारण सरळ आहे. मॅकओएस एका कंट्रोलरवर १५ पोर्टच मानते. झेड३९०सारख्या बोर्डावर कंट्रोलरकडे २६ असतात. पुढचे ११ कोणते कापले जातील ते आपल्या हातात राहत नाही. 'एक्सएचसीआय पोर्ट लिमिट' या पर्यायाने पूर्वी भागायचं, पण बिग सर ११.३पासून ते कामाचं नाही.

कोणते १५ ठेवायचे हे आपण ठरवायचं. प्रत्येक निळं, म्हणजे यूएसबी ३चं पोर्ट दोन धरलं जातं, कारण त्यात २ आणि ३ अशा दोन्ही जोडण्या असतात. एका स्टुडिओच्या मशीनचा हिशोब असा झाला: मागची निळी ४, म्हणजे ८. मागची काळी २, म्हणजे २. पुढची निळी २, म्हणजे ४. आतलं ब्लूटूथ १. एकूण बरोबर १५. कीबोर्ड आणि माउस काळ्या पोर्टवर गेले, कार्ड रीडर पुढच्या निळ्यावर.

विंडोजमध्ये यूएसबीटूलबॉक्स चालवा. एक यूएसबी २चा आणि एक यूएसबी ३चा पेनड्राइव्ह प्रत्येक पोर्टमध्ये आळीपाळीने लावा. कोणतं पोर्ट कोणत्या क्रमांकाचं ते दिसतं. ठेवायची ती निवडा, ब्लूटूथला 'इंटर्नल' हा प्रकार द्या आणि तयार झालेला केक्स्ट कॉन्फिगमध्ये नोंदवा. केबिनेटच्या मागे कागदाच्या पट्ट्या चिकटवून त्यावर क्रमांक लिहिले तर पुढच्या वेळी परत खाली बसावं लागत नाही.

आवाज. कोडेकसाठी ॲपलएएलसीत दिलेले लेआउट आकडे 'एएलसीआयडी'त एकेक करून वापरा. दर वेळी रीस्टार्ट करा आणि मागचा व पुढचा, दोन्ही जॅक तपासा. बूट-आर्ग्समध्ये जो आकडा चालला तोच शेवटी ठेवा.

लॅन आणि आयमेसेज. लॅन 'ईएन०' म्हणूनच दिसली पाहिजे. नसेल तर नेटवर्क सेटिंगच्या दोन प्लिस्ट फाइली, नेटवर्क इंटरफेसेस आणि प्रेफरन्सेस, काढून रीस्टार्ट करा. सीरियल नंबर जेनएसएमबायोसने स्वतःचा तयार करा आणि ॲपलच्या कव्हरेज पानावर तपासा. तो कोणाच्या खऱ्या मॅकचा निघाला तर टाकून दुसरा घ्या. चुकीच्या सीरियलवर तुमचा ॲपल आयडी पुन्हा पुन्हा टाकत बसलात तर ॲपल तो आयडीच अडवू शकतं.

वाय-फाय. सोनोमापासून, म्हणजे मॅकओएस १४पासून, जुन्या ब्रॉडकॉम कार्डांचा आधार गेला. डेस्कटॉपला केबल ओढून घ्या आणि मोकळे व्हा.

## टप्पा ७: रेंडर चालू असताना बंद पडतं

इथे लोक पुन्हा कॉन्फिग उघडतात, पण बहुधा दोष तिथे नसतो. आधी बघा: पॅनिकचा मजकूर येतो की मशीन दिवा विझल्यासारखं बंद होतं? मजकूर येत असेल तर टप्पा ४कडे जा. नुसतंच बंद होत असेल तर त्याच मशीनवर विंडोज लावून तेवढाच भार द्या आणि मेमटेस्ट८६ रात्रभर चालवा. तिथेही बंद पडलं तर मॅकओएसचा संबंध नाही.

जळगाव-भुसावळला मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो. खोलीच ४० अंशांची असेल तर केबिनेटमधला पंखा तीच गरम हवा आत ओढतो. लग्नसराई आणि उन्हाळा एकत्र येतात, त्यामुळे सगळ्यात जास्त रेंडर नेमके याच महिन्यांत असतात. प्रोसेसरवरची पेस्ट होळीच्या आधी बदला. जिनिंगच्या आसपास दुकान असेल तर कापसाच्या हंगामानंतर केबिनेट नक्की उघडा. रुईची बारीक धूळ कूलरच्या पात्यांवर गादीसारखी बसते आणि हवा जायला जागाच उरत नाही.

> सावध: पाण्याच्या कूलरचा झोत केबिनेटवर सोडू नका. ती हवा थंड असते, पण ओलसरही असते. कूलर माणसांकडे वळवा, केबिनेट भिंतीपासून वीतभर पुढे ओढा.

अर्थिंगही बघा. केबिनेटच्या पत्र्याला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर अर्थिंग नाही असं समजा. पुढचं काम थांबवा आणि वायरमनला बोलवा. यूएसबी डिस्क मध्येच तुटण्याचं कारणही कधी कधी तेच निघतं.

## टप्पा ८: अपडेट

लग्नसराईत अपडेट करू नका. एडिटिंगच्या मशीनवर आपोआप अपडेट बंदच ठेवा.

कुठवर जायचं आहे तेही ठरवून घ्या. मॅकओएस टाहो, म्हणजे आवृत्ती २६, ही इंटेलसाठी शेवटची आहे असं ॲपलने २०२५मध्ये जाहीर केलं. टाहो आयमॅक १९,१ हे एसएमबायोस मान्य करत नाही, त्याला आयमॅक २०,१ किंवा मॅकप्रो ७,१ लागतं. ॲपलएएलसी ज्याच्या आधारावर चालतं तो आवाजाचा जुना ड्रायव्हरही टाहोत उरलेला नाही. सिकोइया १५वर मशीन चांगलं चालत असेल आणि तुमचा फायनल कट त्यावर उघडत असेल तर मी तिथेच थांबेन.

अपडेट करायचंच असेल तर क्रम हा:

१. डेटा आणि चालू ईएफआय, दोन्हींची प्रत घ्या.

२. नवीन ओपनकोअर आणि नवीन केक्स्ट आधी बचावाच्या पेनड्राइव्हवर नाही, तिसऱ्या एखाद्या पेनड्राइव्हवर टाका. ओसीव्हॅलिडेट चालवा.

३. त्या पेनड्राइव्हवरून सध्याचीच मॅकओएस चालू करून दोन दिवस काम करा.

४. सगळं नीट चाललं तर ते ईएफआय आतल्या डिस्कवर न्या.

५. मगच मॅकओएसचं अपडेट सुरू करा, यूपीएस लावून आणि सकाळी. रात्री अकराला सुरू केलं की अडल्यावर विचारायला कोणी जागं नसतं.

६. अपडेटनंतर यूएसबी, आवाज, लॅन आणि एक पाच मिनिटांचं रेंडर तपासा. चारही चाललं की बचावाच्या पेनड्राइव्हवर हे नवं ईएफआय टाका, त्यावर तारीख आणि आवृत्ती लिहिलेली पट्टी चिकटवा, आणि तो मशीनच्या बाजूलाच खिळ्याला टांगून ठेवा.